सुईमावशीला नोकरी लागली

देव देतो आणि कर्म नेतं, असं म्हणतात. सुईमावशीच्या बाबतीत देवानं दिलं हे खरं. न्यायला मात्र कर्माला यावं लागलं नाही. ते काम नियमानंच केलं.

सुईमावशी मोजे विणायच्या कारखान्यातली. विणकामाच्या यंत्रात गोल चकतीवर बारीक बारीक सुया उभ्या असतात. त्यातली एक जरी वाकली तरी मोज्यावर घोट्यापासून वरपर्यंत उभी रेघ पडते. ती वाकडी सुई हुडकायची, चिमट्यानं उपसायची, नवी बसवायची, हे मावशीचं उभ्या आयुष्याचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं भंगारात गेली, मालक परगावी गेला आणि मावशी प्रशिक्षणाला गेली.

कारण बेकारांनी प्रशिक्षणाला जायचं असा राज्याचा दंडक होता. त्यासाठी राज्याची कौशल्य विकास परिषद होती. कारखानदार, दुकानदार, कामगार संघटनेचा एक माणूस, कॉलेजच्या एक प्राचार्या आणि खात्यांचे अधिकारी असे सगळे एका लांबलचक टेबलाभोवती बसत आणि पुढं बाजारात कुठल्या कामाला माणसं लागतील ते ठरवत. मग ते काम शिकवायला केंद्रं नेमत, केंद्रांना मान्यता देत, मान्यता काढून घेत. कल्पना सोन्यासारखी होती. एखाद्या भल्या माणसालाच ती सुचली असणार. पण सुरी सोन्याची असली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही, एवढं मात्र त्या भल्या माणसाच्या ध्यानात राहिलं नसावं.

मावशीनं आधी टायपिंगचं प्रशिक्षण घेतलं. मग हॉटेलातल्या खोल्या आवरायचं. मग दुकानातल्या मालाची नोंद ठेवायचं. प्रत्येक वेळी प्रमाणपत्र मिळालं, टाळ्या मिळाल्या, गटाचा फोटो निघाला. नोकरी तेवढी मिळाली नाही. टायपिंग शिकून बाहेर पडावं तर दारात तिच्यासारखे शंभर टायपिंगवाले उभे. आणि ज्या हॉटेलासाठी खोल्या आवरायला शिकली, ते बांधून व्हायचंच होतं.

तिचा नवरा एका गोदामावर पहारेकरी होता. मावशीनं प्रत्येक प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "अगं, भिंत संपली. आता पुढचं छताला लाव, झोपल्या झोपल्या वाचता येईल."

"हसा, हसा," मावशी म्हणाली. "एक दिवस यातलंच एखादं उपयोगी पडेल."

"पडेल ना. खिळा ढिला झाला की डोक्यात पडेल."

अशी ती चौथ्या प्रशिक्षणाला आली. हे लिफ्टच्या दुरुस्तीचं होतं. केंद्र एका जुन्या गोदामात होतं, आणि मधोमध लोखंडी सांगाड्यात एक लिफ्ट उभी होती. वर मजले नाहीत, खाली तळघर नाही, नुसती लिफ्ट. ती दोन पुरुष उंच जायची आणि कुठंच न पोचता खाली यायची. शिकणाऱ्यांत एक होता तो आधी बसचा कंडक्टर होता. तिकिटं यंत्रानं निघायला लागली तेव्हा त्याचं काम गेलं. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "ही लिफ्ट म्हणजे आपलं प्रशिक्षणच की हो. वर जाते, खाली येते, उतरायला मजला नाही."

शिकवायला मास्तर होते. जन्म लिफ्टच्या विहिरीत गेलेला, गुडघे कामातून गेलेले, पण हात अजून धडधाकट. काम करताना ते देवाचं काहीबाही गुणगुणत, आणि लिफ्टला नावं ठेवतानाही त्याच चालीत ठेवत. ते म्हणायचे, "लिफ्ट मोटारीनं बिघडत नाही. दारानं बिघडते. दार नीट मिटलं हे तिला कळलं नाही, की ती जागची हलत नाही. आणि दार मिटल्याचं तिला कोण सांगतं? ही एवढीशी पट्टी."

ती एवढीशी पट्टी म्हणजे मावशीच्या घरचं कार्य. सुयांवर जन्म काढलेल्या बोटांना ती वाकलीय की झिजलीय की नुसती धुळीनं माखलीय, हे चाचपून कळायचं. मास्तर तिच्याकडे बघून मान डोलवायचे. शेवटी त्यांनी एका लिफ्ट कंपनीच्या मालकांना केंद्रावर बोलावलं आणि म्हणाले, "साहेब, एकदा बघून जा."

लिफ्टवाले साहेब आले, कोट न काढता अर्धा तास उभे राहिले, आणि जाताना मावशीला म्हणाले, "नव्या रुग्णालयाच्या लिफ्टा आमच्याकडे आल्यात. दिवसपाळीला तिथं कायमचं माणूस हवंय. सोमवारपासून येता?"

त्यांनी वय विचारलं नाही. मावशी तेवढ्याचीच वाट बघत होती, की आता वय विचारतील आणि मग "कळवतो" म्हणतील. विचारलंच नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला असं दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती "येते" म्हणाली, आणि मग सांगाड्यामागं जाऊन पदरानं डोळे पुसून आली.

इथवर सगळं देवानं दिलं. आता पुढचं ऐका.

मास्तरांना आनंद पोटात ठेवता येईना. त्यांनी तडक परिषदेच्या कार्यालयात फोन लावला आणि सांगितलं, "आमच्या मावशीला नोकरी लागली! परीक्षेच्या आधीच! लिहून घ्या!"

कार्यालयानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मॅडमनी मास्तरांना आणि मावशीला आपल्या खोलीत बोलावलं. मॅडमचा चेहरा असा, की जणू कुणी गेलंय.

"मास्तर, तुम्ही परिषदेला फोन केलात?"

"केला की. शुभवार्ता होती."

"कुणी सांगितलं होतं करायला?"

"शुभवार्ता सांगायला कुणी सांगावं लागतं होय?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, नियमात गळती म्हणजे काय लिहिलंय? परीक्षेआधी जो केंद्र सोडून जाईल, तो गळला. मावशी सोमवारी कामावर गेल्या की त्या गळाल्या."

"पण नोकरी लागली म्हणून चाललीय ती!"

"कारण कुठलंही असो, असं पुढं छापलंय."

"मॅडम," मास्तर सावकाश म्हणाले, "आपलं केंद्र कशासाठी आहे? लोकांना नोकरी लागावी म्हणूनच ना?"

"हो. परीक्षेनंतर."

मावशी खुर्ची सोडून उभी राहिली. ती म्हणाली, "गळले तर गळले. मला म्हणा काय म्हणायचं ते. मला कामावर जायचंय."

"तुमचं तुम्ही गेलात तर माझं काही म्हणणं नव्हतं, मावशी. पण या तुकडीतला एक आधीच गळालाय. घरी शिडीवरून पडला, पाय मोडला, तोही गळतीतच धरणार आहेत ते. आणखी एक गळाला की तुकडीची मान्यता जाते. मग परीक्षा देऊनही बाकीच्या कुणालाच प्रमाणपत्र नाही. सगळ्यांचे महिने पाण्यात."

बाहेर सांगाड्यात लिफ्ट वर गेली आणि खाली आली.

"मला विचारू द्या," म्हणून मास्तरांनी पुन्हा फोन उचलला. मॅडमनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून एका माणसाचा जेवणानंतरचा आवाज आला.

"आजारपणानं सोडलं तर गळती का हो?" मॅडमनी विचारलं.

"गळती."

"गाव सोडलं तर?"

"गळती."

"त्याच कामात नोकरी लागली तर?"

"गळतीच हो, मॅडम. सुटलेला माणूस तो सुटलेला माणूस."

"कशालाच सूट नाही?"

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "मृत्यू धरत नाही गळतीत."

मास्तर फोनवर वाकून म्हणाले, "म्हणजे मावशीला स्वर्गात लिफ्ट चालवायला नेलं असतं तर चाललं असतं?"

"ते मला वरिष्ठांना विचारावं लागेल," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

लिफ्टवाल्या साहेबांना विचारून झालं. परीक्षेपर्यंत थांबता येईल का? ते म्हणाले, "मी थांबलो असतो हो, मावशी. पण रुग्णालय थांबत नाही. सोमवारी सकाळी तिथं माझं माणूस उभं पाहिजे. तुम्ही नसलात तर दुसरं कुणीतरी उभं करावं लागेल, आणि उभं केलेल्याला मग मी काढू कसा?"

मावशीनं वर्गात येऊन सगळं सांगितलं. लपवायचं कशाला? कंडक्टर डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, तुम्ही उतरलात तर बस खड्ड्यात जाते. नाही उतरलात तर तुमचा स्टॉप जातो. असलं तिकीट मी आयुष्यात फाडलं नाही."

"तूच सांग, काय करू?"

"मला नका विचारू. माझ्या घरी दोन पोरं आहेत, मी माझ्याच बाजूनं बोलणार." मग म्हणाला, "पण जा म्हणालो तर मनापासून म्हणेन."

"म्हण की मग."

"म्हणवत नाही ना!"

इतकं खरं बोलला म्हणून मावशीला त्याचा राग आला नाही. राग आला तो कुणाचा, तेच तिला सांगता येईना. आणि राग आहे पण धरायला माणूस नाही, यासारखा वैताग दुसरा नाही. घरी गेल्यावर तिनं तो नवऱ्यावर काढला.

"अहो, इतके दिवस नोकरी नाही म्हणून मला शिकवत होते. आता नोकरी आहे म्हणून मला नापास करतायत!"

नवरा कामावर निघायच्या तयारीत बूट घालत होता. त्यानं थट्टा केली नाही. एक बूट हातात धरून तो म्हणाला, "नियम करणारे कुठं बसतात?"

"शुक्रवारी बैठक आहे म्हणे त्यांची."

"मग तिथं जा. पत्र नको, फोन नको. तू समोर उभी राहिलीस म्हणजे त्यांना गळती दोन पायांची असते हे तरी दिसेल."

शुक्रवारी मॅडम, मास्तर, मावशी आणि कंडक्टर असे चौघं परिषदेच्या दालनात मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. मॅडमनी विनंती आधीच देऊन ठेवली होती. उत्तर आलं होतं, की विषयपत्रिका छापून झालीय, तरी अध्यक्षांनी परवानगी दिली तर ऐनवेळचे विषय म्हणून शेवटी घेऊ. शेवट दुपारच्या जेवणाआधी व्हायला हवा होता, कारण त्यानंतर दालन दुसऱ्या खात्याला दिलेलं होतं.

आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचं होतं. त्यात एका सदस्याचं म्हणणं "सूचना" असं लिहिलं होतं; ते म्हणाले, मी सूचना केली नव्हती, अपेक्षा व्यक्त केली होती. सूचना की अपेक्षा यावर सगळे बोलले. मग एका अधिकाऱ्यानं पडद्यावर रंगीत खांब दाखवले. निळे खांब म्हणजे शिकलेले, हिरवे म्हणजे नोकरी लागलेले. निळे उंच होते. अधिकारी म्हणाला, "निळ्यात लक्षणीय वाढ आहे." हिरव्याबद्दल तो काही म्हणाला नाही. मास्तर मागं पुटपुटले, "पेरणी मोजतायत, पीक कोण मोजणार?" मॅडमनी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

घड्याळाचे काटे जेवणाकडे सरकत होते. अखेर अध्यक्ष म्हणाले, "ऐनवेळचे विषय?" आणि सचिवबाईंनी मावशीचा विषय वाचला. सचिवबाई म्हणजे ताठ पाठीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर असलेली बाई. नियमाचं पुस्तक तिला पाठ होतं, आणि पाठ असूनही ती ते उघडून बघायची.

लिफ्टवाले साहेब परिषदेचे सदस्यच होते. ते ऐकता ऐकता तांबडे झाले. "हा कसला अडाणी नियम? कुणी आणला हा?"

सचिवबाईंनी पान उलटलं. "सूचक आपणच होतात, साहेब. गेल्या वर्षी."

"मी?"

"टाळ्याही पडल्या होत्या."

साहेबांना आठवलं. तेव्हा काही केंद्रं नुसती नावं गोळा करायची, आणि आठवड्याभरात वर्गात रिकाम्या खुर्च्या. त्यांना वेसण घालायला साहेबांनी कडक नियम मागितला होता. "अहो, मी चोरांसाठी कुलूप मागितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही घरच्या माणसांनाच बाहेर कोंडलंत!"

"शब्द आपलेच आहेत. 'कारण कुठलंही असो' यावर आपला विशेष आग्रह होता."

"बरं, चुकलो. आता मीच दुरुस्ती मांडतो. त्याच कामात नोकरी लागली तर ती गळती नाही. घ्या मतं."

"आपल्याला मांडता येणार नाही," सचिवबाई म्हणाल्या. "या बाईंना नोकरी आपणच देताय. आपला संबंध आला. विषय संपेपर्यंत आपण दालनाबाहेर."

साहेब धुसफुसत उठले आणि बाहेर गेले. दार लागलं. दुरुस्ती प्राचार्यांनी मांडली. अध्यक्ष मतं विचारणार, तोच कामगार संघटनेचा माणूस बोट वर करून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, एक अडचण आहे. परिषदेत मालक मंडळी निम्म्याहून जास्त हजर असली तरच सभा चालते. साहेब गेले, आता बरोबरी झाली."

सचिवबाईंनी माणसं मोजली. "खरं आहे. सभा थांबली."

साहेबांना आत बोलावलं. ते आल्याबरोबर सभा चालू झाली आणि विषय थांबला. ते बाहेर गेले, विषय चालू झाला आणि सभा थांबली. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी साहेब दारातच थांबले आणि ओरडले, "मी उंबऱ्यावर उभा राहतो! एक पाय आत, एक बाहेर! चालेल?"

"त्याबद्दल नियम नाही," सचिवबाई गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणून चालणार नाही."

मावशीनं आयुष्यात खूप मुकादम बघितले होते, पण असं कधी बघितलं नव्हतं. इथं वाईट माणूस एकही नव्हता. सगळे आपापलं काम नीट करत होते. सगळी दारं मिटलेली होती आणि लिफ्ट काही केल्या हलत नव्हती. ती उभी राहिली. "बाई, आणखी एक मालक आला तर चालेल ना?"

सचिवबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सदस्य कधीही येऊ शकतात."

"मग न आलेला कोण आहे जवळपास?"

एक सदस्य परदेशात होते, एक आजारी. "आणि बेकरीवाले," अध्यक्ष म्हणाले, "पण ते कधीच येत नाहीत. बेकरी मागच्याच गल्लीत आहे, तरी येत नाहीत."

मावशी आणि कंडक्टर तेवढं ऐकून निघालेसुद्धा.

बेकरीत शिरल्याबरोबर भट्टीची धग तोंडावर आली. पीठ मळायचं यंत्र घुंर्र घुंर्र करत होतं, आणि त्याच्याशेजारी भुवयांपर्यंत पीठ माखलेला एक गलेलठ्ठ माणूस पत्र्याचे ट्रे ओढत होता.

"बेकरीवाले आपणच का?" मावशीनं विचारलं. "आपल्याला परिषदेत बोलावलंय."

"कुठली परिषद?"

"कौशल्य विकास."

"नाव काढू नका तिचं!" त्यानं ट्रे आपटला. "दोन वर्षं मी घसा फोडून सांगतोय, मला भट्टीपुढं उभी राहणारी माणसं शिकवून द्या. आणि त्यांनी काय पाठवलं? टायपिंगवाले! मी काय पावाला पत्रं लिहू?"

"मीही त्यातलीच," मावशी म्हणाली. "टायपिंग केलंय मी."

"कशाला केलंत?"

"तेव्हा तेच शिकवत होते."

बेकरीवाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची नव्हती म्हणून पिठाचं पोतं पुढं सरकवलं. "बसा. काय झालंय ते सांगा. पण हात चालू राहतील माझे."

मावशीनं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज दोनदा चढला आणि एकदा बसला. कंडक्टर मधेच म्हणाला, "दादा, हिची नोकरी गेली तर पुन्हा येणार नाही. आणि ही अशीच निघून गेली तर आमचं शिक्षण बुडतं. तुम्ही नुसतं येऊन हात वर करायचाय."

"भट्टीत माल आहे. तो निघाल्याशिवाय मी देवालाही भेटत नाही."

"पण ते जेवायला उठतील!" कंडक्टर कळवळून म्हणाला.

"पाव जळले तर काय जेवतील?"

ते थांबले. मावशी पोत्यावर बसून भट्टीच्या दाराकडे बघत होती आणि मनातल्या मनात देवाला म्हणत होती, की बाबा, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही असं नाही, पण आता एवढं पाव भाजणं तरी लवकर उरक. बेकरीवाल्यानं दार उघडलं, एकेका ट्रेला टिचकी मारून बघितली, सगळा माल निघाला, आणि मग तो एप्रन न सोडताच म्हणाला, "चला. पण मी आधी माझं बोलणार."

तो दालनात शिरला तेव्हा गालिच्यावर पिठाची पावलं उमटली. लिफ्टवाले साहेब त्याला टाळी देत बाहेर गेले. सचिवबाईंनी माणसं मोजली आणि म्हणाल्या, "सभा चालू."

बेकरीवाला बोलला. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं बोलला. टायपिंगवाले, कळवतो म्हणून न कळवणारे अधिकारी, रंगीत खांब, कुणालाच सोडलं नाही. मागं मॅडम घड्याळाकडे बघून रुमाल पिळत होत्या. दाराबाहेर दुसऱ्या खात्याची मंडळी कागद घेऊन जमायला लागली होती. अध्यक्ष म्हणाले, "आपला विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

"बघा! म्हणूनच मी येत नाही!"

"आधी हा विषय, बाबा," मावशी मागून हात जोडून म्हणाली. "तुमच्यासाठी मी परत येईन, तुमच्या बाजूनं भांडायला येईन, पण आधी हा विषय."

तो घुटमळला आणि बसला.

प्राचार्या म्हणाल्या, "मुद्दा एवढाच, की परीक्षेशिवाय शिक्षण पुरं झालं असं कसं म्हणायचं?"

"परीक्षा मी देणार आहे, बाई," मावशी म्हणाली. "रजा टाकून येईन. मास्तरांनी शिकवलंय ते वाया घालवायला मी काही पळून जात नाहीये. फक्त कामाला गेले म्हणून मला गळलेली म्हणू नका."

प्राचार्यांनी तेवढं वाक्य दुरुस्तीत घातलं, की परीक्षेला यावं लागेल. हात वर झाले. सगळ्यात उंच हात पिठानं पांढरा होता.

"दुरुस्ती मंजूर," अध्यक्ष म्हणाले. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं. कंडक्टरनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा बेत केला आणि मॅडमकडे बघून रद्द केला.

"लागू पुढच्या तिमाहीपासून," सचिवबाईंनी वाचलं.

एका क्षणात सगळ्यांचे चेहरे उतरले. मास्तर गुडघे विसरून उभे राहिले. "पुढच्या तिमाहीपासून? अहो, ती सोमवारी जातेय! नकटीच्या लग्नाला एवढी विघ्नं आली नसतील!"

"बसा, मास्तर. माझं वाचून झालेलं नाही." सचिवबाईंनी चष्मा वर सरकवला. "गळती मोजतात ती तुकडी संपल्यावर. तुमची तुकडी कधी संपते?"

मॅडमनी बोटांवर मोजलं. "परीक्षा झाली की... पुढच्या तिमाहीत!"

"मग मोजणी नव्या नियमानं होईल. सोमवारी जाऊ द्या त्यांना."

"हे आधी सांगायचं ना, बाई! आमचा जीव टांगणीला लागला होता!"

"आधी कुणी विचारलं नाही," सचिवबाई म्हणाल्या. पण फाइल मिटताना त्या मावशीकडे बघून किंचित हसल्या, आणि मावशीला वाटलं, ही बाई सकाळपासून मनातल्या मनात आपल्याच बाजूनं वाट काढत होती की काय कुणास ठाऊक. दुसऱ्या खात्याची मंडळी आत घुसली आणि खुर्च्यांची ओढाताण सुरू झाली.

सोमवारी मावशी रुग्णालयाच्या तळघरात उभी होती. अंगात कंपनीचा निळा डगला, दोन मापं मोठा. खांद्याला हत्यारांची पिशवी. सकाळपासून तिनं सगळ्या लिफ्टांची दारं उघडून मिटून पाहिली होती. इथं वर खरोखरचे मजले होते, आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी वाट बघत होतं. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. एक मुलगी अदबीनं बोलत होती.

"परिषदेच्या पाठपुरावा विभागातून बोलतेय. आपण प्रशिक्षण मध्येच सोडलंत, असं दिसतंय. कारण सांगता का?"

"नोकरी लागली."

"ते कारण माझ्याकडे येत नाहीये हो. आजारपण, गाव सोडणं, घरची अडचण, शिकवलेलं न समजणं, यातलं कुठलं?"

"यातलं कुठलंच नाही. नोकरी लागली. कामावरूनच बोलतेय मी. परिषदेत ठराव झालाय शुक्रवारी, प्रत केंद्राच्या मॅडमकडे आहे."

"आमच्याकडे अजून आला नाही. काहीतरी एक निवडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, मॅडम. घरची अडचण टाकू का?"

जिन्याच्या वरच्या अंगानं कुणीतरी ओरडलं, "लिफ्टवाल्या बाई! अहो लिफ्टवाल्या बाई, तिसऱ्या मजल्यावर दार मिटेना! पेशंट खोळंबलाय!"

"आले!" मावशीनं वर तोंड करून हाक दिली, आणि फोनमध्ये म्हणाली, "पोरी, तू काहीच टाकू नकोस. तशीच बसून राहा आणि वरिष्ठांना बोलाव. मला वर जायचंय."

तिनं फोन खिशात टाकला, डगल्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि जिना चढायला लागली.